प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नवी मुंबईतल्या एका शाळेत सहावीला शिकवता, मागच्या महिन्यात तुमच्याच स्टाफमधल्या एका सरांना पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, अटक झाली आणि आता स्टाफरूममध्ये जो तो म्हणतोय "मला आधीपासूनच काहीतरी वाटत होतं". तुम्हालाही दोन गोष्टी दिसल्या होत्या. ज्या मुलीबाबत हे घडलं ती ऑफ पिरियडला कॉम्प्युटर लॅबमध्ये एकटीच असायची, आणि दिवाळीनंतर ती पाण्याची बाटली भरलेली आणायची आणि भरलेलीच घरी न्यायची. तुम्ही विचारताय की मी दोषी आहे का, आणि पुढच्या वेळी हे आधी ओळखायचं कसं.

मी ठाण्यात शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, 22 वर्षं झाली. सुरुवातीला नौपाड्यात, मग घोडबंदर रोडला नवीन शाळा निघाल्या तशी तिकडे, मधली चार वर्षं वाशीलाही येऊन जाऊन करायचे. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे लिहीन ते कामाच्या अनुभवातून आलेलं समजा, तुमच्या केसपुरतं एखाद्या वकिलाशी बोलाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडेल असं नाही. ज्याने केलं तो दोषी, त्याच्या वाट्यातलं काडीभरही तुमच्याकडे येत नाही. पण तुमच्याकडे माहिती होती आणि ती तुमच्यापाशीच राहिली, ते ओझं तुमचंच आहे, आणि मी ते उतरवायचा प्रयत्न करणार नाही, कारण ज्यांचं मी घाईघाईने उतरवलं, "जाऊ दे, तुला काय माहीत होतं" असं म्हणून, त्यातले काही जण पुढच्या वेळी परत तसेच गप्प बसलेले मी पाहिलेत. आणि दुसरा प्रश्न तुम्ही चुकीचा विचारताय असं मला वाटतं. ओळखायचं कसं? तुम्ही ओळखलं होतंच की. बाटली भरलेली परत जाते हे पन्नास पोरांच्या वर्गात ज्या बाईंच्या लक्षात येतं त्यांना ओळखण्याचं ट्रेनिंग नकोय. ओळखल्यावर पुढे काय करायचं तिथे सगळं अडतं.

एक प्रकरण सांगते. ठाण्यातलीच शाळा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पाचवीतला मुलगा, आणि शाळेनंतर बॅडमिंटन शिकवायला येणारा बाहेरचा कोच. तक्रार झाली फेब्रुवारीत. त्यानंतर मॅनेजमेंटने मला स्टाफशी बोलायला बोलावलं, मी एकेकाला वेगळं बसवून बोलले, एकत्र मीटिंग घेतलीच नाही. वॉचमन म्हणाला प्रॅक्टिस साडेपाचला संपायची पण हा कोच आणि तो मुलगा सव्वासहाला निघायचे, कधी साडेसहा. मावशी म्हणाल्या चेंजिंग रूमची कडी दोनदा आतून लागलेली होती, मी झाडू मारायला गेले तर आतून आवाज आला नंतर या म्हणून. व्हॅनवाले काका म्हणाले पोरगं आधी माझ्या शेजारी बसून डोकं खायचं बडबड करून, नंतर मागच्या सीटला जायला लागलं आणि मंगळवारी-शुक्रवारी म्हणायचं काका तुम्ही आत येऊन न्या ना मला, मी म्हटलं व्हॅन रस्त्यात उभी आहे, ट्रॅफिक पोलीस पावती फाडेल. वर्गशिक्षिका म्हणाल्या अक्षर बिघडलं होतं, इतकं खोडायचा की पान फाटायचं. गणिताच्या बाईंनी त्याला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, कारण तो बाकावरच्या मुलाला असं काही बोलला जे पाचवीतल्या मुलाला माहीत असायचं कारण नाही, डायरीत रिमार्क दिला होता "घाणेरडी भाषा". ऑफिसातल्या क्लार्कना माहीत होतं की हा माणूस आधीची शाळा वर्षाच्या मध्येच सोडून आलाय आणि तिथलं पत्र त्याने कधी आणून दिलंच नाही. सुपरवायझर मॅडमनी त्याला तोंडी सांगितलं होतं, मुलांना एकटं थांबवू नका हो सर, लोक बोलतात. आईला तर तो कोच देवमाणूस वाटायचा, त्याने मुलाला चांगले शूज घेऊन दिले होते. आणि वर्गातली पोरं त्या मुलाला एक नाव ठेवून चिडवायची, ते नाव इथे लिहीत नाही, पण त्या नावातच सगळं होतं.

हे सगळं मी घरी एका चार्ट पेपरवर तारखांनुसार मांडलं. पहिली गोष्ट जूनमध्ये दिसली होती. ऑगस्टपर्यंत चार माणसांकडे चार तुकडे होते आणि ते चौघं रोज त्याच गेटमधून आत येत होते. यातला एकही तुकडा एकटा घेतला तर काहीच नाही. अक्षर कुणाचंही बिघडतं. शूज कोणीही देतो. पण नऊ तुकडे एका कागदावर आले की शेंबडं पोरही सांगेल काय चाललंय ते. तो कागद जूनमध्ये कुणाकडेच नव्हता, कारण तो तयार करणं हे शाळेत कुणाचं कामच नव्हतं. तुमच्या स्टाफरूममध्ये आता जे चाललंय ना, "मला वाटतच होतं", ते खोटं बोलत नाहीत. प्रत्येकाला खरंच वाटत होतं. थोडं थोडं.

मग बोलत का नाहीत लोक? भित्रे असतात, बेफिकीर असतात, हे सोपं उत्तर झालं आणि ते बहुतेक वेळा चूक असतं. 1968 मध्ये बिब लटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडायला सुरुवात केली. एकटा असेल तर 75 टक्के जण उठून बाहेर जाऊन सांगायचे. पण खोलीत अजून दोघं बसवले, ज्यांना आधीच सांगून ठेवलेलं की धुराकडे लक्ष देऊ नका, तर फक्त 10 टक्के उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत बसले, आणि नंतर विचारल्यावर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं एसीचं काहीतरी असेल. म्हणजे दुसरा शांत बसलाय म्हणजे काही नसेल असं प्रत्येकाने दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवलं. स्टाफरूम ही त्याच खोलीसारखी असते. तुम्ही डबा खाताना हळूच म्हणता "ते सर लॅब जरा जास्तच वापरतात ना", समोरच्या मॅडम म्हणतात "हो ना, प्रोजेक्टचं असेल", आणि विषय गॅदरिंगच्या डान्सवर जातो. तुम्ही धूर दाखवला, त्या म्हणाल्या वाफ असेल, दोघींचं समाधान झालं.

आपल्याकडे यात अजून दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे नोकरी. मावशी, वॉचमन, शिपाई कंत्राटदाराकडून आलेले, निम्म्या शिक्षिका दरवर्षी जूनमध्ये नवीन ऑर्डरची वाट बघणाऱ्या, त्यांनी बोललं आणि चुकलं तर एप्रिलमध्ये नारळ मिळणार हे त्यांना चांगलं माहीत असतं. मावशींना मी विचारलं होतं, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, तर त्या म्हणाल्या "मॅडम, मी सरांबद्दल बोलणार आणि माझ्यावर विश्वास कोण ठेवणार, वर मलाच विचारतील तू तिथे काय करत होतीस." काय उत्तर देणार याला. दुसरी गोष्ट शाळेचं नाव. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यात ॲडमिशनचा सीझन तोंडावर. मी एका ट्रस्टींच्या तोंडून ऐकलंय, "मॅडम आपण हे आत मिटवू, पोरीचंही नाव खराब होणार नाही." पोरीचं नाव पुढे करून शाळेचं नाव वाचवायचं, ही युक्ती फार जुनी आहे.

आणि तिसरं एक कारण आहे जे चांगल्या माणसांना अडवतं, ते म्हणजे "मी वर सांगितलं". हे मला सगळ्यात घातक वाटतं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात 2001 साली एका ज्युनिअर कोचने स्वतःच्या डोळ्यांनी एका माजी कोचला लहान मुलाबरोबर शॉवरमध्ये पाहिलं. त्याने दुसऱ्या दिवशी मुख्य कोचला सांगितलं. मुख्य कोचने त्याच्या वरच्याला सांगितलं. त्याने अजून वर. प्रत्येकाने आपापली पायरी नीट पार पाडली, पोलिसांकडे कोणी गेलं नाही, आणि त्या माजी कोचला अटक झाली 2011 मध्ये, 2012 मध्ये तो 45 आरोपांमध्ये दोषी ठरला. मधली दहा वर्षं मोजा. वरच्या तीन अधिकाऱ्यांनाही 2017 मध्ये शिक्षा झाली. एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यात बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुली, सफाई कर्मचारी आरोपी, आणि 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेला, पोलिसांना दोघांनाही झापलं, शाळा चालवणाऱ्यांवर माहिती न दिल्याचा गुन्हा लागला. त्यातली एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यात बसलीय. एका मुलीच्या घरच्यांनी त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या घरी विचारलं तेव्हा कळलं की तीही शाळेत जायला घाबरतेय. दोन घरांमध्ये दोन तुकडे होते, ते एका फोनवर जुळले. शाळेकडे तर अख्खा वर्ग होता.

आता कायदा. पोक्सो 2012 चा, त्यातलं 19 वं कलम म्हणतं की असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या किंवा होण्याची शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. कोणत्याही व्यक्तीने, मुख्याध्यापकांमार्फत असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. एचएमना जरूर सांगा, पण एचएमना सांगितलं म्हणजे कायद्याने कळवलं असं होत नाही. 21 व्या कलमात न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. लोकांना हे माहीत असतं, पण 19 मध्येच पुढे जे लिहिलंय ते माहीत नसतं, की चांगल्या हेतूने माहिती दिली आणि नंतर ती चूक निघाली तर तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी काहीही होत नाही. मी हे वाक्य प्रिंट काढून शाळांच्या स्टाफरूममध्ये लावायला देते. दोन शाळांनी लावलं, बाकीच्यांनी "हो मॅडम लावतो" म्हटलं.

शाळेतला माणूस असो वा डॉक्टर, कोर्ट हे हलक्यात घेत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहीत असूनही कळवलं नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा खटला हायकोर्टाने रद्द केला होता, तो नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत चालू केला आणि सांगितलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

तुमच्या बाबतीत, मुलगी लॅबमध्ये असते आणि पाणी पीत नाही, एवढ्यावर कोणी तुम्हाला गुन्हा माहीत होता असं म्हणेल असं मला वाटत नाही. पण पोलीस जबाब घ्यायला आले तर या दोन्ही गोष्टी तारखांसकट सांगा, "मला काय माहीत नाही" म्हणून हात झटकू नका. कॅटलॉग, टाइमटेबल बघून तारखा काढता येतील. त्या मुलीच्या सांगण्याला बाहेरून दुजोरा देणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात आणि त्यातल्या दोन तुमच्याकडे आहेत.

पाण्याचं सांगते, कारण हे शिक्षकांना कुणी शिकवत नाही. मूल पाणी पीत नाही म्हणजे त्याला बाथरूमला जायचं नाहीये. शाळेचं बाथरूम घाण असेल म्हणूनही मुली दिवसभर लघवी दाबतात, आपल्याकडे तर हे सर्रास आहे. मग फरक कशात? बदलात. जूनपासून पीत नसेल तर बाथरूम बघून या, आणि दिवाळीनंतर अचानक थांबलं तर दिवाळीनंतर काय बदललं ते बघा. बाकी लक्षणांच्या याद्या सगळीकडे मिळतात, अंथरूण ओलं करणं, एखाद्या जागेची किंवा माणसाची भीती, वयाबाहेरचं बोलणं, उकाड्यातही स्वेटर, अचानक आलेला महागडा मोबाइल, किंवा दंगेखोर पोर एकदम गुणी होणं, ज्यावर आपण उलट शाबासकी देतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला दहा साधी कारणं असू शकतात. म्हणून मी यादीपेक्षा एकच प्रश्न शिकवते: कधीपासून, आणि कोणत्या दिवशी?

हा प्रश्न मी शिकले ते माझ्याच चुकीतून. 2008 ची गोष्ट. सातवीतला मुलगा, पोटात दुखतं म्हणून सतत सिक रूममध्ये. सोनोग्राफी नॉर्मल, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला. मी चार सेशन घेतले, चित्रं काढून घेतली, आणि फाइलला लिहिलं "अभ्यासाचा ताण". सिक रूमच्या रजिस्टरमध्ये तारखा होत्या, जवळजवळ सगळे गुरुवार. ते रजिस्टर माझ्या केबिनपासून दहा पावलांवर होतं आणि मी ते उघडलं नाही. गुरुवारी त्याच्या आईची उशिराची ड्युटी असायची आणि शाळा सुटल्यावर एक नातेवाईक त्याला घरी न्यायला यायचा. हे मला चार वर्षांनी कळलं, तो मुलगा कॉलेजला गेल्यावर त्याने आईला सांगितलं तेव्हा. मला राग आला होता आधी, कोणावर तर त्या सिक रूमच्या नर्सवर, की तिने मला सांगितलं का नाही. मग लक्षात आलं की तिने मुलाला माझ्याकडे पाठवलं होतं, तिच्या दृष्टीने तिने वर सांगितलं होतं. वर म्हणजे मी होते.

हेही लक्षात घ्या की तो मुलगा होता. मुलांच्या बाबतीत आपण अजून आंधळे आहोत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात 53 टक्के मुलामुलींनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाबद्दल सांगितलं आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच, पोलिसांकडच्या नोंदींमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या वर. आपण मात्र पोरांना अजून अनोळखी काकांकडून चॉकलेट घेऊ नको हेच शिकवतोय.

आता माझं एक मत, ज्यावर माझ्याच क्षेत्रातले काही लोक नाक मुरडतात. मुलांकडे लक्षणं शोधत बसण्यापेक्षा मोठ्यांकडे बघा. मुलाच्या मनात काय चाललंय हे अंदाजाचं काम, पण मोठ्या माणसाने नियम मोडला की नाही हे डोळ्यांना दिसतं. असा माणूस एकदम काही करत नाही, आधी तो चाचपणी करतो, मुलाची आणि आपलीही. एका मुलाला लाडकं करतो, बारीक नियम तोडतो, एकटं थांबवतो, दार लोटून घेतो, रात्री व्हॉट्सॲपवर गुड नाइट पाठवतो, बाइकवर लिफ्ट देतो, घरच्यांच्या गळ्यातला ताईत होतो, आणि प्रत्येक वेळी बघतो की कोणी काही बोलतंय का. नाही बोललं की पुढची पायरी. म्हणजे सुपरवायझर मॅडमनी त्या कोचला "लोक बोलतात हो" म्हटलं तेव्हा त्याला कळलं की लोक फक्त बोलतातच.

म्हणून नियम साधे आणि लेखी पाहिजेत. एक मोठा माणूस आणि एक मूल बंद दाराआड नाही. स्टाफने मुलांना पर्सनल मेसेज नाहीत, जे काही ते पालकांच्या ग्रुपवर. शाळा सुटल्यावर कोणी थांबणार असेल तर ऑफिसच्या वहीत नाव आणि वेळ. आणि कोणी नियम मोडला तर शिपायानेही म्हणायचं, "सर, दार उघडं ठेवायचंय." यात कोणावर आरोप नाही. सर चांगले असतील तर दार उघडं ठेवतील, विषय संपला, उद्या कोणी खोटं बोललं तर तेच उघडं दार त्यांना वाचवेल. तुम्ही म्हणाल एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य माझ्या शंकेने उद्ध्वस्त झालं तर? रास्त भीती आहे, मी ती कधी हसण्यावारी नेत नाही. पण दार उघडायला सांगितल्याने कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त होत नाही. आपण काय करतो, छोटं बोलायच्या वेळी गप्प बसतो आणि मग थेट एफआयआरची वेळ येते.

आणि लिहा. वही करा, साधी, दोनशे पानी. "सरांची नजर बरोबर वाटत नाही" असं लिहिलंत तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. "12 तारीख, दुपारी 1.10, लॅबचं दार बंद, वाजवल्यावर साधारण एका मिनिटाने उघडलं, आत सर आणि ती" असं लिहा. शाळेने एक माणूस नेमावा ज्याच्याकडे मावशीपासून व्हॅनवाल्या काकांपर्यंत सगळे येऊन असं एक वाक्य सांगू शकतील आणि तो ते लिहून ठेवेल, पुरावा मागणार नाही, तू तिथे काय करत होतीस विचारणार नाही. कागदावर अशी व्यवस्था आहेच म्हणा. 2022 च्या जीआरने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आहे. मी एका शाळेत समितीच्या सदस्य बाईंना भेटायला गेले तर त्या समितीत आहेत हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. बदलापूरनंतर कॅमेरे मात्र सगळीकडे लागले, बैल गेला अन् झोपा केला, आणि त्या स्क्रीनकडे बघायला बसलेला माणूसच नाही, फुटेज काढतात ते घडून गेल्यावर.

मूल स्वतःहून काही बोललं तर, आणि हे तुमच्याबरोबर कधीतरी होणारच कारण तुम्ही बाटल्या बघणाऱ्या आहात, तर आधी खाली बसा त्याच्या उंचीला आणि ऐका. "सरांनी हात लावला का?" असं विचारायचं नाही, "काय झालं ते सांग" आणि "मग?" एवढंच पुरतं, तुम्ही शब्द घातलेत तर पुढे कोर्टात बचावाचा वकील त्यालाच धरेल की हे बाईंनी शिकवलं. "कुणाला नाही सांगणार" असं वचन देऊ नका, तुम्हाला ते मोडावं लागेल आणि त्याच्या आयुष्यातलं दुसरं मोठं माणूस खोटं ठरेल. त्याऐवजी सांगा की तुझी चूक नाही आणि जे तुला सुरक्षित ठेवू शकतात त्यांनाच मी सांगेन. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका, एचएमच्या केबिनमध्ये पाच जणांसमोर परत वदवून घेऊ नका, त्या माणसाला बोलावून समोरासमोर तर अजिबात नाही, मी हे होताना पाहिलंय आणि मूल तिथल्या तिथे "काही नाही झालं" म्हणतं, मग ते वाक्य कायमचं रेकॉर्डवर. त्याचेच शब्द, जसे बोललं तसे, बोलीतले, तारीख वेळ घालून लिहून ठेवा. मग 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (तातडीच्या मदतीचा नंबर) किंवा जवळचं पोलीस स्टेशन, कुठलंही चालतं, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य नंबरने घ्यावंच लागतं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकारी, युनिफॉर्म न घालता, हे कायद्यातच आहे, आई-वडिलांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते पोलीस स्टेशनच्या बाकावर मूल घेऊन बसणार नाहीत. घटना ताजी असेल तर कपडे धुवू नका आणि 72 तासांच्या आत डॉक्टर, कारण काही औषधं त्यानंतर लागू पडत नाहीत. सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलला पैसे न घेता उपचार करावे लागतात.

एक गोष्ट मनात ठेवून लिहिणं बरं नाही म्हणून सांगते, कळवण्याच्या या सक्तीबद्दल माझं मन पूर्ण स्वच्छ नाही. सतरा वर्षांची मुलगी येते, तिचा कॉलेजातला मित्र आहे, तिच्या मर्जीने आहे, आणि कायद्याच्या लेखी तेही पोक्सोच. अशा मुली मग आमच्याकडे येतच नाहीत, डॉक्टरकडेही जात नाहीत. यावर कोर्टात वाद चालू आहेत. पण तो वाद सहावीतल्या मुलीला आणि चाळिशीच्या सरांना लागू होत नाही, आणि लोक बरेचदा तो मुद्दा नेमका अशाच वेळी काढतात.

वर्गातल्या बाकी पोरांशी बोला. त्यांना तुमच्या आधी माहीत असतं, मघाच्या त्या टोपणनावासारखं. त्यांना ओरडू नका की तुम्ही सांगितलं का नाही, न सांगितल्याबद्दल कायदासुद्धा मुलांना शिक्षा करत नाही. एवढं सांगा की मैत्रिणीबद्दल काळजी वाटली तर येऊन सांगणं म्हणजे चुगली नव्हे. आणि पालकांच्या ग्रुपवर त्या मुलीचं नाव, बिल्डिंग, तिच्या बाबांची कंपनी फिरत असेल, फिरतच असेल, तर तिथल्या तिथे थांबवा, तिची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे हे एका ओळीत टाका.

ती मुलगी परत आली तर, आणि घरच्यांनी शाळा बदलली नाही तर ती येईल, तिला पहिल्या बाकावर आणून बसवू नका. जिथे बसायची तिथेच, त्याच मैत्रिणीशेजारी. लॅबचा पिरियड असेल त्या दिवशी आधी तिला हळूच विचारा जायचंय का, नाही म्हणाली तर लायब्ररीत तुमच्याबरोबर. बाथरूमला जाताना कोणी सोबत हवं का तेही एकदाच विचारा, रोज नको. स्टाफमधल्या कोणी तिला जवळ घेऊन डोळे पुसायला लागलं तर त्यांना बाजूला घ्या, परवानगीशिवाय कोणी अंगाला हात लावायचा नाही, प्रेमानेसुद्धा. आणि पहिल्या आठवड्यानंतर तिने होमवर्क केला नसेल तर बाकीच्यांना विचारता तसंच तिलाही विचारा, का गं नाही केला, उद्या आण.